हौदातली धामण

विशाखा हिवराळेला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच न्हाणीघरात. २०१५चा ऑगस्ट होता, पावसाचा पत्ता नव्हता आणि मोरीच्या कोपऱ्यात नाग फणा काढून बसला होता. माझी बायको भानुमती तिच्या शेजारी टॉर्च धरून उभी होती. मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला; त्या वेळी मी हॉलमधल्या खुर्चीवर होतो. बसलेला नव्हे, उभा.

"काका, उतरा आता," पिशवीचं तोंड बांधत ती बाहेर आली. "गेला आत."

चाळिशीची, काटक बाई. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, म्हणजे कामावरून सरळ आली होती. पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायली आणि ओट्याखाली मांडलेल्या घागरी-बादल्यांकडे बघून म्हणाली, "नळ नाय का तुमच्याकडं?"

"लाइनच आली नाही अजून. टँकर येतो."

"मग वाया घालवलं म्या अर्धा तांब्या," असं म्हणून ती हसली, स्कूटीच्या हुकाला पिशवी अडकवली आणि गेली.

पुढं ओळख वाढली तशी तिची हकिकत तुकड्यातुकड्यानं कळत गेली. तिचे वडील कडुबा वैजापूरकडचे. बाहत्तरच्या दुष्काळात आधी खडी फोडायला गेले, ते काम बंद झालं तेव्हा बायकोला, पारूबाईला घेऊन शहरात आले. शहर तेव्हा चहूबाजूंनी पसरायला लागलं होतं. ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा पडायच्या आणि कडुबा पाया खोदायचे. त्या खोदकामात साप निघायचेच. बिळं फुटायची, साप बावरून खड्ड्यातच फिरत राहायचे आणि मुकादम वरून ओरडायचा, "मार, मार!"

कडुबा मारायचे नाहीत. फावड्याच्या दांड्यावर साप उचलून नाल्यात सोडून यायचे. एका मुकादमानं त्यावरून चारचौघांत शिवी दिली तेव्हा ते म्हणाले, "खोदायचं काम दिलंय मला. मारायचं नाय." त्याच दुपारी त्यांना कामावरून काढलं. आठ वर्षांची विशाखा भाकरी घेऊन खड्ड्याच्या काठावर उभी होती, तिनं ते ऐकलं. वडील वर आले, भाकरी तिथंच बसून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडं खोदायला गेले. "घाबरले नायत, भांडले बी नायत," ती सांगायची. "फक्त ऐकलं नाय त्यांनी."

विशाखा बारावी सायन्स पास झाली त्या वर्षी कडुबांच्या छातीनं दम सोडला आणि घरची कमाई थांबली. धूळ आणि सिमेंट, दुसरं काय. ज्या कॉलेजात बीएस्सीला जायचं होतं, त्याच कॉलेजात ती प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट म्हणून लागली. बरण्या धुवायच्या, फॉर्मलिन बदलायचं, टेबलं पुसायची. तिथल्या प्राध्यापक वैदेही मॅडमनी एकदा तिला बरणीवरची चिठ्ठी चुकीची आहे असं मुलांना सांगताना ऐकलं. त्यांनी कपाट उघडून बघितलं, तर चिठ्ठी खरंच चुकीची होती. त्या दिवसापासून पुस्तकांच्या कपाटाची एक किल्ली विशाखाकडं राहिली. दोनेक वर्षांत तिला बरणीतले सगळे साप ओळखता येऊ लागले, मग जिवंतही. मुलींच्या वसतिगृहात घोणस निघाली तेव्हा पुरुष कर्मचारी काठ्या घेऊन दाराबाहेर चर्चा करत होते. ती आत गेली आणि घोणस बादलीत घालून बाहेर आली.

मध्ये लग्न झालं होतं. नवरा वाईट नव्हता, असं तीच सांगते. पण घरी साप-बिप नको आणि रात्री-बेरात्री परक्यांच्या घरी जाणं नको, असं त्याचं म्हणणं. सहा महिने तिनं समजावलं. मग ट्रंक घेऊन उस्मानपुऱ्यातल्या आईच्या खोलीत परत आली. शेजारच्या बायका विचारायला आल्या तेव्हा पारूबाईंनी दारातूनच उत्तर दिलं, "माझ्या लेकीला साप चालत्यात, मानूस चालला नाय. झालं समाधान?"

हे सगळं मला नंतर कळलं. २०१६च्या मे महिन्यात मी तिला फक्त साप पकडणारी बाई म्हणून ओळखत होतो.

आमची कॉलनी पुंडलिकनगरच्या पुढं, दहा वर्षांपूर्वी जिथं रान होतं तिथं. जमीन नानासाहेबांच्या घरची. त्यांनीच प्लॉट पाडून विकले आणि कॉलनीच्या समितीचे अध्यक्षही तेच झाले. मधोमध बागेसाठी सोडलेली मोकळी जागा होती. बाग कधी झालीच नाही. तिथं आम्ही वर्गणी काढून टँकरचं पाणी साठवायला हौद बांधला, अर्धा जमिनीत, अर्धा वर, झाकायला पत्रा. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. आमच्याकडं टँकर चार-चार दिवसांनी यायचा. हौद बहुतेक वेळ कोरडाच असायचा आणि वरचा पत्रा भट्टीसारखा तापायचा.

रविवार होता. साडेनऊला टँकर आला. ड्रायव्हर बद्रीनाथ पाइप सोडण्याआधी पत्रा सरकवून आत वाकला आणि तसाच मागं आला. "आरारा! या, या, बघा काय हाये हितं!"

आम्ही धावलो. हौदाच्या तळाशी पिवळसर तपकिरी रंगाचा मोठा साप होता आणि त्याचं कडं झालं होतं. स्वतःची शेपटी त्यानं तोंडात धरली होती. धरली कसली, चार बोटं गिळलीच होती. डोकं हळूहळू पुढं सरकत होतं आणि कडं लहान होत होतं.

आता मला माझी चूक सांगायला हवी. ते दृश्य पाहून मी हरखलो. आयुष्यभर पुस्तकात बघितलेलं चित्र समोर जिवंत होतं. लोक विचारत होते, "सर, हे काय हो?" आणि मला राहवलं नाही. मी हौदाच्या काठावर उभा राहून सांगायला लागलो: हे फार प्राचीन चिन्ह आहे. इजिप्तमध्ये कबरीच्या भिंतींवर हे कडं काढलेलं आहे, ग्रीकांच्या पोथ्यांत आहे. शेवट आणि सुरुवात एकच, मरण आणि जन्म एकच, काळ स्वतःलाच खातो आणि स्वतःतूनच उगवतो, असा त्याचा अर्थ. आपल्याकडं शेषाला अनंत म्हणतात ते याच कल्पनेच्या जवळचं. लोक इतके शांत होते की मी बोलतच गेलो. निवृत्त झाल्यापासून एवढ्या लोकांनी माझं ऐकलं नव्हतं.

"अनंत," नानासाहेब म्हणाले. त्यांनी चपला काढल्या. "म्हणजे अनंतनाग. प्रकट झालेत."

पुढच्या तासाभरात हौदाच्या काठाला हळदीकुंकू लागलं. नारळ आले, फुलं आली. कुणीतरी लोटाभर दूध सापावर ओतलं. पुंडलिकनगरातून आणि पलीकडच्या गल्ल्यांतून माणसं येत राहिली आणि मोबाइलवर फोटो जात राहिले. नानासाहेबांनी वही मागवली आणि या जागेवर अनंतनागाचं मंदिर बांधायचा ठराव तिथंच लिहिला. त्याखाली पहिली सही मागितली ती माझी, कारण अर्थ मी सांगितला होता. मी केली.

"टँकर परत ने," नानासाहेब बद्रीनाथला म्हणाले. "देव बसलाय त्यात. आज पाणी टाकायचं नाही."

"मग बायांनी काय करावं?" घागरींच्या रांगेतून एक बाई म्हणाली. बद्रीनाथ टँकरच्या सावलीत उकिडवा बसून राहिला. भानुमती माझ्या शेजारी नव्हती. ती घरात फोन करत होती हे मला नंतर कळलं.

साडेअकराला विशाखाची स्कूटी आली. तिनं गर्दीकडं पाहिलं नाही. सरळ हौदाशी येऊन वाकली आणि तिचा चेहरा बदलला.

"कधीपासून असंय?"

"दोन तास झाले," भानुमती म्हणाली.

"दोन तास? आणि तुम्ही सगळे नुसतं बघताय?" तिनं ओढणी कमरेला खोचली. "नाग नाय हा. धामण हाये, मादी. ऊन लागलंय तिला. तापून भान सुटलंय, समोर हलतंय ते आपलंच शेपूट हाये हे बी कळंना. दुसरा साप समजून गिळतीय. थोड्या वेळानं मरंल."

"ओ बाई," नानासाहेब पुढं झाले. "हात लावायचा नाही. देवाचं रूप आहे ते. सरांना विचारा अर्थ."

सगळे माझ्याकडं बघायला लागले, तीही. मी म्हणालो, "ते... अनंताचं प्रतीक मानतात."

"सर, कागदावर असंल ते प्रतीक. ही जिवंत हाये." ती बद्रीनाथकडं वळली. "भाऊ, पाइप द्या. पाणी हळू सोडा."

"खबरदार," नानासाहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हा आमच्या धर्माचा विषय आहे. तुम्ही लोक यात पडू नका."

ती थांबली. हळूच वळली.

"तुम्ही लोक म्हणजे कोण? बोला ना. मी तर एकटीच आलीय. लोक तर तुमच्याकडं हायेत, शंभरभर."

मागं कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, मला ऐकू आलं. ते इथं लिहिणार नाही. तिलाही ऐकू आलं असणार, कारण तिची मान किंचित ताठ झाली. मग ती काठावर बसली, पाय आत सोडले आणि हौदात उतरली.

"पाणी!" आतून आवाज आला.

बद्रीनाथ उठला. नानासाहेबांनी त्याचा दंड धरला. त्यानं तो शांतपणे सोडवून घेतला. "पाणी टँकरात हाये तवर माझंय, साहेब," असं म्हणून त्यानं कॉक फिरवला. घागरी घेतलेल्या बायका आपोआप बाजूला झाल्या आणि पाइप हौदापर्यंत गेला.

त्या दिवशीच्या टँकरचं पहिलं पाणी त्या धामणीवर पडलं. विशाखानं तळव्यानं पाणी तिच्या डोक्यावर, अंगावर ओतलं आणि दूध-हळद धुऊन काढली. साप हलेना. मग तिनं पिशवीतून स्पिरिटचा कापूस काढला, जबड्याच्या कोपऱ्याशी टेकवला. "दात आत वळलेले असत्यात," ती वर न बघता बोलत होती, जणू प्रयोगशाळेत कुणाला तरी शिकवतेय. "ओढलं की फाटतं. आधी आत ढकलायचं, मग सोडवायचं." एका हातानं मान धरून तिनं दुसऱ्यानं शेपटी आधी थोडी आतच सारली. गर्दीतून शिव्या आल्या. मग धामणीनं जबडा वासला आणि रक्ताळलेली, पांढरी पडलेली वीतभर शेपटी बाहेर आली.

कडं मोडलं. हौदाच्या तळाशी आता सहा-सात फुटांचा एक साधा, दमलेला साप पडला होता. काठावरच्या काही बायका रडायला लागल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पिशवीत घालताना धामण एकदम शुद्धीवर आली आणि तिनं विशाखाच्या अंगठ्याच्या मुळाशी कडकडून चावा घेतला. रक्त टपटपलं.

"डसला! डसला!" एकच ओरडा झाला. "देवानं शिक्षा दिली," नानासाहेब म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात भीती होती.

ती बाहेर आली. पिशवी सावलीत ठेवली, जखम टँकरच्या पाण्याखाली धरली आणि रुमाल गुंडाळला. ती तिथंच हौदाच्या काठावर, हळदीकुंकवाच्या शेजारी बसली.

"धामणीला विष नसतं. पण तुम्हाला पटणार नाय. आत्ता बारा वाजून वीस मिनिटं झाल्यात. मी एक तास हितं बसते. जायचं नाय कुणी. बसा, बघा मरते का."

आणि ती खरंच बसली. उन्हात, शंभर माणसांसमोर. कुणीच हलेना. पहिली दहा मिनिटं लोक तिचे ओठ निळे पडतायत का ते बघत होते. एकजण म्हणाला, डोळे झाकायला लागलेत. ती म्हणाली, "ऊन हाये म्हणून बारीक केलेत." भानुमती घरातून चहा घेऊन आली, दोन कप. एक तिला दिला आणि दुसरा घेऊन स्वतः तिच्या शेजारी बसली. माझ्या बायकोला चारचौघांत असं कशावर तरी बसलेलं मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. दोघी चहा पीत धामण काय खाते यावर बोलत राहिल्या. पाऊण तासानं घागरीवाल्या बायकांपैकी एक पुढं आली आणि बद्रीनाथला म्हणाली, "सोड की आता पाणी, मोकळा झालाय हौद." पाइप पुन्हा आत गेला. भरणाऱ्या पाण्याचा आवाज येत राहिला, माणसं एकेक करत निघून गेली. एक वीसला विशाखानं घड्याळ पाहिलं, उठली, पिशवी उचलली आणि निघाली.

प्रकरण तिथं संपलं नाही. आठवडाभरात समितीच्या वतीनं तिच्या कॉलेजात अर्ज गेला: सदर महिलेनं श्रद्धास्थानाची विटंबना केली, कारवाई व्हावी. प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं, माफीचं चार ओळींचं पत्र दे, मिटवून टाकू. तिनं एक पानभर लिहून दिलं. ते मी नंतर वाचलं. जात धामण, मादी, लांबी सहा फूट चार इंच. शेपटीचा आठ इंच भाग तोंडात. कारण उष्माघात. उपाय थंड पाणी, स्पिरिट. तिसऱ्या दिवशी शेंद्र्याच्या पुढं पाझर तलावाच्या काठी सोडली. खाली सही. माफीचा शब्द नव्हता.

"हे माफीपत्र नाहीये," प्राचार्य म्हणाले.

"नायच ते. चूक केली असती तर लिहिलं असतं."

तिला प्रयोगशाळेतून काढून स्टोअरला टाकलं. खडू, डस्टर आणि मोडकी बाकं.

त्या सुमारास एका संध्याकाळी ती आमच्याकडं आली. हाताला बांधलेलं फडकं अजून तसंच होतं. मी दार उघडलं आणि माझी नजर खाली गेली, कारण ठरावावरची माझी सही तिला माहीत होती.

"सर, त्या कड्याचा अर्थ मला नीट सांगा," ती बसत म्हणाली. "त्या दिवशी ऐकायला वेळ नव्हता."

मला वाटलं टोमणा मारतेय. तसं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पुस्तक काढलं, चित्रं दाखवली. तिनं एकेक चित्र लक्ष देऊन पाहिलं, एका चित्रातल्या सापाचे खवले चुकीचे काढलेत हेही सांगितलं. मग पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

"ज्यानं पहिल्यांदा हे काढलं, त्यानं बी असाच साप बघितला असंल," ती म्हणाली. "उन्हात तडफडणारा. बघत बसला असंल, चित्र काढलं असंल. पाणी कुणी टाकलं नसंल."

मी पुस्तक मिटलं.

"तुमचा अर्थ खोटा हाये असं मी म्हणत नाय. पण त्यासाठी तिला मरू द्यायचं व्हतं का? तुम्ही शिकलेले. तुम्ही कॉलेजला लिहून द्या, त्या दिवशी काय बघितलं ते. तेवढंच."

मी म्हणालो, बघतो. हा शब्द मी आयुष्यभर वापरला आहे. ती गेल्यावर भानुमती टेबलाशी बसली आणि तिनं तिच्या मोठ्या, गोल अक्षरात दोन पानं लिहून काढली. माझी वाट बघितली नाही. मी चार दिवसांनी लिहिलं. ठरावावरची सही मागं घेत असल्याचंही त्यात लिहिलं. माझं पत्र भानुमतीच्या पत्राएवढं चांगलं नव्हतं, कारण त्यात मी स्वतःची बाजू मांडली होती.

जूनमधल्या सभेत मंदिराचा विषय आला. नानासाहेबांनी नकाशा आणला होता: हौद पाडायचा, तिथं गाभारा, वर सिमेंटचं सोनेरी कडं. एरवी सभेला पुरुषच असायचे. त्या दिवशी बायका आल्या आणि सतरंजीवर पुढंच बसल्या. हौद पाडू देणार नाही, त्यांनी सांगितलं. उलट शेजारी दुसरा बांधा. नानासाहेब संतापून उठून गेले. मंदिर झालं, पण कोपऱ्यावर, त्यांच्या स्वतःच्या प्लॉटवर. छोटंसं आहे, नागपंचमीला गर्दी असते. भानुमतीही जाते. दुसरा हौदही झाला आणि त्याला घट्ट लोखंडी झाकण बसवलं.

विशाखा दोन वर्षं स्टोअरमध्ये होती. नवे प्राचार्य आले तेव्हा वैदेही मॅडमनी निवृत्त होता होता तिला प्रयोगशाळेत परत घ्यायला लावलं. आता तिच्या हाताखाली उस्मानपुऱ्यातल्या पाच मुली साप पकडायला शिकतात. अंगठ्याच्या मुळाशी दातांच्या खुणांची अर्धगोल ओळ अजून दिसते.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर बायपासकडच्या एका नव्या टॉवरला गेलो होतो. आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत साप, असा फोन होता. गेटवरच्या पहारेकऱ्यानं वही पुढं केली. त्यात दोनच रकाने होते, पाहुणे आणि कामवाले. त्यानं बोटानं कामवाल्यांचा दाखवला. "मॅडम, इधर लिखो, और पीछे की लिफ्ट से जाओ."

तिनं पेन घेतलं, समासाला लागून एक उभी रेघ मारली आणि तिसरा रकाना पाडला. वर लिहिलं: सर्पमित्र. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, विशाखा कडुबा हिवराळे. त्याखाली माझं नाव लिहायला पेन माझ्या हातात दिलं.

"ये नहीं चलेगा," पहारेकरी म्हणाला.

"साप वर हाये," ती म्हणाली. "चालवायचं नसंल तर तुम्हीच जाऊन काढा."

त्यानं वर आठव्या मजल्याकडं पाहिलं, मग वहीकडं. आम्ही पुढच्या लिफ्टनं गेलो.